वैमानिक घडवणाऱ्या शाळा आणि उशिरा आलेली विमाने

हवाई दलाची ताकद मोजायची म्हटली की चर्चा स्क्वाड्रनच्या संख्येवर येते. रफाल किती, सुखोई किती, तेजस कधी मिळणार, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात आणि ते योग्यही आहे. पण त्या विमानात बसणारा बावीस-तेवीस वर्षांचा फ्लाइंग ऑफिसर कुठे शिकला, कशावर शिकला, एका विमानावरून दुसऱ्यावर जाताना त्याला मधली एखादी इयत्ता गाळावी लागली का, हे प्रश्न अपघात झाल्याशिवाय फारसे कुणी विचारत नाही. भारतातल्या लष्करी उड्डाणशिक्षणाचा इतिहास सुरुवातीपासून वाचत गेले, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. शिकवणारे जाणकार होते, शिकणारी मुले निवडक होती, धावपट्ट्याही होत्या. हवे ते विमान मात्र हव्या त्या वेळी हाताशी नव्हते.

शिकवण्याच्या विमानाला एवढे महत्त्व का, हे समजायला पहिल्या महायुद्धातल्या इंग्लंडकडे पाहावे लागते. १९१२ साली सॅलिसबरीच्या माळावर अपएव्हन इथे सेंट्रल फ्लाइंग स्कूल सुरू झाले. लष्कर आणि नौदल या दोघांचेही वैमानिक तिथे शिकत. दोन वर्षांत युद्ध पेटले, वैमानिकांची मागणी अचानक वाढली आणि शिक्षणाची घडी विस्कटली. आघाडीवरून थकून आलेल्यांना शिक्षक म्हणून नेमले जाई. विमान सरळ उडवणे, सावकाश वळवणे आणि जमिनीवर उतरवणे एवढ्यावर अभ्यासक्रम संपे. विमानाचा वेग कमी पडून ते स्वतःभोवती गिरक्या घेत खाली जाऊ लागले, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत स्पिनमध्ये गेले, तर काय करायचे हे बऱ्याच शिक्षकांनाही सांगता येत नसे. इंजिनाच्या आवाजात शिक्षक आणि विद्यार्थी यांना एकमेकांशी बोलता येत नसे. अशा स्थितीत थोड्याशा तासांचा अनुभव घेऊन मुले फ्रान्सला रवाना होत.

रॉबर्ट स्मिथ-बॅरी हे अपएव्हनच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. १९१४ च्या ऑगस्टमध्ये विमान कोसळून त्यांचे दोन्ही पाय मोडले होते. तरी ते पुन्हा उडू लागले आणि १९१६ मध्ये ६० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. नवी मुले अर्धवट शिकून आघाडीवर येतात आणि लगेच मारली जातात, हे त्यांनी तिथे रोज पाहिले. गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी वरिष्ठांना पत्रांमागून पत्रे लिहिली आणि शेवटी फ्रान्समधील ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख ट्रेंचर्ड यांनी त्यांनाच इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉस्पोर्टला शिकवायला पाठवले.

तिथे १९१७ मध्ये जी शाळा उभी राहिली, तिने सगळ्या जगाची उड्डाणविद्या बदलली. स्मिथ-बॅरींनी शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही नियंत्रणे असलेले अ‍ॅव्हरो ५०४ हे विमान शिकवण्यासाठी निवडले. शिक्षकाचे बोलणे विद्यार्थ्याच्या कानापर्यंत पोहोचावे म्हणून रबरी नळी बसवली. ती पुढे गॉस्पोर्ट ट्यूब या नावाने प्रसिद्ध झाली. यापेक्षा मोठा बदल विचारात होता. विद्यार्थ्याला धोक्यापासून दूर ठेवण्याऐवजी शिक्षकाने त्याला जाणूनबुजून धोक्यात न्यायचे, स्पिनमध्ये टाकायचे, आडव्या वाऱ्यात उतरायला लावायचे, विमान असे का वागले ते समजावून सांगायचे आणि त्यातून बाहेर पडण्याची सवय लावायची, ही त्यांची पद्धत होती. आजही जगभरच्या लष्करी शाळांत स्टॉल आणि स्पिन मुद्दाम दाखवून त्यातून विमान सोडवायला शिकवतात. हे शिकवायचे तर विमानाचा स्वभावही तसाच हवा. विद्यार्थ्याची चूक त्याला स्पष्ट जाणवली पाहिजे आणि ती सुधारायला पुरेशी उंची व पुरेसा वेळ उरला पाहिजे. जुने झालेले लढाऊ विमान शाळेला देऊन हे काम भागत नाही.

त्याच युद्धात मोजके भारतीय तरुण ब्रिटिश हवाई दलात लढले. हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन यांच्यासोबत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकरही होते. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन उडवताना १९१८ च्या जूनअखेरीस त्यांना वीरमरण आले. मराठी माणसाला सियाचीन आणि कारगिल माहीत असतात, वेलिणकरांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

भारतीयांना हवाई दलात अधिकारी म्हणून घ्यावे ही शिफारस स्कीन समितीने १९२० च्या दशकात केली. मोतीलाल नेहरू आणि जिना दोघेही त्या समितीवर होते. त्यानंतर १९३० मध्ये पहिले भारतीय कॅडेट इंग्लंडमधील क्रॅनवेलला गेले. पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी त्यांतलेच. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दल स्थापन झाले आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर पहिले स्क्वाड्रन उभे राहिले, तेव्हा त्याच्याकडे चार वापिटी विमाने होती. देशात लष्करी उड्डाणाची स्वतःची शाळा नव्हती.

ती आली दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून. लाहोरजवळ वॉल्टनला प्राथमिक वर्ग भरू लागले. जोधपूर आणि हैदराबादच्या बेगमपेटला टायगर मॉथवर पहिले धडे दिले जात आणि अंबाल्याला हार्वर्डसारख्या जड विमानांवर पुढचे शिक्षण होई. टायगर मॉथ हे लाकूड आणि कापडाचे दोन पंखी विमान. ते उडवणे सोपे, पण अचूक उडवणे कठीण, म्हणून शिकवायला उत्तम. फाळणीत वॉल्टन आणि रिसालपूरचा हवाई तळ पाकिस्तानकडे गेले, अंबाला आणि जोधपूर भारताकडे राहिले. १९४८ मध्ये अंबाल्याला शिक्षकांसाठीची शाळा, म्हणजे फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल, सुरू झाली. पुढे १९५४ मध्ये ती चेन्नईजवळ तांबरमला गेली आणि आजही तिथेच आहे. या शाळेकडे दुर्लक्ष होते, ते बरोबर नाही. चांगला वैमानिक आपोआप चांगला शिक्षक होत नाही हे स्मिथ-बॅरींनी ओळखले होते आणि तांबरमचा सगळा अभ्यासक्रम त्याच जाणिवेवर उभा आहे. तिथून क्यूएफआय, म्हणजे पात्र उड्डाणशिक्षक, होऊन बाहेर पडलेला अधिकारी शेजारी बसून हात मांडीवर ठेवतो. विद्यार्थ्याला चूक करू देतो आणि नेमक्या कोणत्या क्षणी नियंत्रण आपल्याकडे घ्यायचे हे त्याला ठाऊक असते. भूदल, नौदल आणि मित्रदेशांचे वैमानिकही तिथे शिकवायला शिकतात.

या इतिहासातले सर्वांत आनंदाचे पान मराठी माणसाच्या नावावर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू गावात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. विमानाच्या पंखालगत वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचे शास्त्र ज्यांनी उभे केले, ते हे प्रांटल. परत आल्यावर घाटगे यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवले आणि नंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या आराखडा विभागाची धुरा घेतली. त्यांच्या चमूने बनवलेले एचटी-२ हे स्वतंत्र भारतात आरेखित झालेले पहिले विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये आकाशात गेले. संपूर्ण धातूचे, एक पंखी, शिक्षक आणि विद्यार्थी एकामागे एक बसतील असे हे छोटे विमान होते. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली, घानाच्या हवाई दलालाही काही देण्यात आली, आणि तीन दशकांहून अधिक काळ भारतीय वैमानिकांनी पहिले धडे त्याच्यावरच गिरवले. स्वातंत्र्य मिळून चार वर्षे झालेल्या, अन्नधान्याची टंचाई असलेल्या देशाने हे केले, याची आठवण आज वारंवार करून द्यायला हवी.

घाटगे यांच्याच नेतृत्वाखाली पुढचे पाऊल पडले ते किरण या जेट विमानाचे. सप्टेंबर १९६४ मध्ये त्याने पहिली भरारी घेतली आणि १९६८ पासून ते शिक्षणात आले. शिक्षक आणि विद्यार्थी शेजारीशेजारी बसतात, संकटात दोघांनाही आसनासकट बाहेर फेकणारी यंत्रणा आहे आणि शिकाऊ वैमानिकाच्या चुका हे विमान समजूतदारपणे झेलते. एचटी-२ आणि किरण ही दोन विमाने म्हणजे त्या काळच्या शाळेची पहिली आणि दुसरी इयत्ता. दोन्ही देशात आरेखित झालेली आणि दोन्ही वेळेवर मिळालेली. भारतीय उड्डाणशिक्षणात असा काळ पुन्हा आला नाही.

विखुरलेल्या शाळांना एक घर मिळावे म्हणून हैदराबादजवळ दुंडीगलला हवाई दल अकादमी उभारायचे ठरले. ११ ऑक्टोबर १९६७ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांनी तिची कोनशिला बसवली आणि १९७१ पासून ती सुरू झाली. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई शाखेचे कॅडेट इथेच येतात. खडकवासल्यात सुपर डिमोना मोटरग्लायडरवर त्यांनी हवेची पहिली चव घेतलेली असते. दुंडीगलला पहिला टप्पा झाल्यावर शिक्षक त्यांना तीन वाटांनी पाठवतात. लढाऊ विमानांसाठी हकीमपेट, मालवाहू विमानांसाठी बंगळुरूजवळचे येलहंका आणि हेलिकॉप्टरसाठीही हकीमपेट. १९९० च्या दशकात महिला वैमानिक इथून बाहेर पडू लागल्या आणि १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी लढाऊ शाखेच्या पहिल्या महिला अधिकारी म्हणून इथूनच संचलन करून गेल्या.

आता येते ती गाळलेली इयत्ता.

१९६३ मध्ये मिग-२१ हवाई दलात आले. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे, आखूड त्रिकोणी पंखांचे हे विमान जमिनीला टेकताना ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगात असते. त्याचा वेग कमी पडला की ते झपाट्याने खाली बसते आणि तरुण वैमानिकाकडे विचार करायला काही क्षणच उरतात. किरण किंवा १९७० च्या दशकात पोलंडहून घेतलेली इस्क्रा उडवून आलेल्या मुलाला मिग-२१ मध्ये बसवायचे, तर मधे आणखी एक विमान हवे. ते वेगवान हवे, शस्त्रे वापरायला शिकवणारे हवे आणि तरीही चुकीला थोडी जागा देणारे हवे. काही काळ हंटर विमानांनी ही पोकळी थोडीफार भरली. ती जुनी झाली, तशी पोकळी उघडी पडली. १९८० च्या दशकात आसाममध्ये तेजपूरला मिगवर शिकवण्यासाठी खास तुकडी उभी केली गेली. म्हणजे लढण्यासाठी बनवलेले विमानच शाळेचे विमान झाले. स्मिथ-बॅरींच्या पद्धतीत जे बसत नव्हते, ते निरुपायाने करावे लागले.

हे हवाई दलाला कळत नव्हते असे नाही. एअर मार्शल डेनिस ला फोंतेन यांच्या समितीने १९८२ मध्ये स्पष्ट शिफारस केली की प्रगत जेट प्रशिक्षण विमान तातडीने घ्यावे. ब्रिटनचे हॉक आणि फ्रान्स-जर्मनीचे अल्फा जेट यांची तपासणीही झाली. त्यानंतर किमतीवर वाटाघाटी झाल्या, सरकारे बदलली, निधी दुसरीकडे वळला, परकीय चलनाची अडचण आली, पुन्हा वाटाघाटी झाल्या. ६६ हॉक विमानांचा करार झाला तो मार्च २००४ मध्ये. पहिली विमाने २००७ अखेर आली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये कर्नाटकातील बिदरला ती समारंभपूर्वक दाखल झाली. शिफारशीपासून विमानापर्यंत पंचवीस वर्षे लागली. ज्या वर्षी शिफारस झाली त्या वर्षी जन्मलेले मूल हॉक येईपर्यंत स्वतः लढाऊ वैमानिक होण्याच्या वयाचे झाले होते.

या पंचवीस वर्षांची किंमत कुणी मोजली? संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार तोवर मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले होते आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले होते. या सर्व अपघातांचे खापर शिक्षणावर फोडणे अन्याय्य ठरेल. पक्ष्यांची धडक, इंजिनातील बिघाड, सुट्या भागांची अवस्था, विमानांचे वय अशी अनेक कारणे त्यांमागे होती. पण सोप्या जेटवरून थेट मिगवर गेलेल्या तरुणांवर पडणारा ताण हवाई दलाच्याच समितीने लेखी नोंदवला होता. म्हणून या उशिराला प्रशासकीय दिरंगाई म्हणून सोडून देता येत नाही.

महाराष्ट्राला याची झळ एका घरामुळे ठळकपणे कळली. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातील सुरतगडहून रात्रीच्या सरावासाठी मिग-२१ घेऊन उडाले आणि विमान लगेच कोसळून त्यांचा मृत्यू झाला. दोष वैमानिकाचा असल्याचे सुरुवातीला सांगितले गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी ते स्वीकारले नाही. मिगच्या सुरक्षिततेबद्दल त्या जाहीरपणे बोलत राहिल्या, अपघातांचा अभ्यास करत राहिल्या, आणि दोघा पालकांनी हवाई सुरक्षेसाठी काम करणारी संस्था उभी केली. एका आईने विचारलेले प्रश्न घराघरांत पोहोचले, तेव्हा कुठे मिगचे अपघात हा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातला विषय राहिला नाही.

हॉक आले आणि वरची इयत्ता भरली, तोच खालची कोसळली. एचटी-२ च्या जागी १९८० च्या दशकात एचपीटी-३२ दीपक हे विमान आले होते. हवेत इंधनपुरवठा तुटून इंजिन बंद पडणे हा त्याचा जुना आजार. इंजिन बंद पडल्यावर ते फार दूर तरंगत जाऊ शकत नसे आणि त्यात बाहेर फेकणारी आसनेही नव्हती. त्यामुळे कमी उंचीवर इंजिन गेले की सुटका जवळजवळ नव्हती. ३१ जुलै २००९ रोजी मेदक जिल्ह्यात असेच एक विमान कोसळले. आत दोघे शिक्षक होते, विद्यार्थी कुणीच नव्हता, आणि तरीही ते वाचले नाहीत. त्यानंतर सगळी दीपक विमाने जमिनीवर ठेवण्यात आली. तोवर या विमानाच्या १७ अपघातांत १९ वैमानिक गेले होते. शाळेच्या पहिल्या वर्गाच्या विमानाबद्दलचा हा आकडा आहे, हे वाचताना थांबून लक्षात घ्यावे.

पुढची काही वर्षे ज्यांनी कधी विमानात पाऊल ठेवले नव्हते, अशी मुले थेट किरण जेटवर शिकली. दुसरीचे पुस्तक पहिलीला लावावे लागले. त्यासाठी किरण कमी पडू लागली, तेव्हा प्रेक्षकांना मोहून टाकणाऱ्या सूर्यकिरण पथकाची विमानेही शिक्षणाकडे वळवण्यात आली आणि २०११ मध्ये ते पथक थांबवले गेले. चार वर्षांनी हॉक घेऊन ते परतले. हा निर्णय अवघड होता आणि योग्य होता. कसरतींपेक्षा वर्ग चालू राहणे महत्त्वाचे होते.

मे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीकडून ७५ पीसी-७ मार्क-२ विमाने घेण्याचा करार झाला आणि वर्षभरात ती दुंडीगलला उतरू लागली. या खरेदीने एक सिद्ध झाले की निर्णय घ्यायचा ठरवला तर तो लवकर घेता येतो. नव्या विमानाने सगळे धोके संपले असे मात्र नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी दुंडीगलहून निघालेले एक पिलाटस तेलंगणात कोसळले आणि शिक्षक व कॅडेट दोघेही गेले. उड्डाण शिकणे हे शांततेच्या काळातही जिवावरचे काम आहे आणि ते पत्करणाऱ्यांना निदान आपल्या हातात असलेली साधने वेळेवर द्यावीत, एवढे तरी देशाचे देणे आहे.

पहिल्या इयत्तेसाठी स्वदेशी विमानही आता आले आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे एचटीटी-४० पहिल्यांदा ३१ मे २०१६ रोजी उडाले. मधली अनेक वर्षे हे विमान हवेच कशाला, पिलाटसच आणखी घ्यावीत, असा वाद चालला. अखेर मार्च २०२३ मध्ये ७० विमानांची ६,८२८ कोटी रुपयांची खरेदी मंजूर झाली. इंजिनांच्या पुरवठ्याला उशीर झाल्याने वेळापत्रक मागे पडले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात तेजसच्या नव्या जोडणी विभागासोबत एचटीटी-४० च्या दुसऱ्या उत्पादन साखळीचेही उद्घाटन झाले. १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिलेला हा कारखाना. मिग-२१ या उद्घाटनाच्या तीन आठवडे आधी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, चंदीगडला निवृत्त झाले होते.

मधली इयत्ता अजून जुन्याच पुस्तकावर चालते. किरणची जागा घेण्यासाठी आरेखित केलेले एचजेटी-३६ सितारा मार्च २००३ मध्ये उडाले, पण स्पिनमध्ये गेल्यावर ते खात्रीने बाहेर येत नव्हते. गॉस्पोर्टपासून प्रत्येक शाळेने जी परीक्षा पहिली मानली, त्याच परीक्षेत हे विमान अडकले आणि दोन दशके रेंगाळले. सुधारणा करून २०२५ मध्ये त्याला यशस असे नवे नाव मिळाले आहे. त्या वर्षीही हकीमपेटची मुले घाटगे यांच्या किरणवरच शिकत होती. साठ वर्षांपूर्वीच्या विमानाने एवढे टिकावे हे त्याच्या कर्त्याचे कर्तृत्व आहे. त्याला एवढे टिकवावे लागले, ही नंतरच्यांची चूक आहे.

बिदरची पहिली हॉक विमानेही आता तरुण राहिलेली नाहीत. त्यांच्यानंतर काय, याची निवड आज सुरू झाली तरी विमान हाती यायला अनेक वर्षे लागतील. यशस स्वीकारायचे की नाही आणि हॉकनंतर काय घ्यायचे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे संरक्षण मंत्रालयाने तारखांसह द्यावीत. महाराष्ट्राच्या खासदारांनीही दर अधिवेशनात तेजसइतक्याच आग्रहाने विचारावे की ओझरहून या वर्षी किती एचटीटी-४० दुंडीगलला पोहोचली.